दहा मिनिटं उशीर

हेझ्रोन ओन्दिती गेले तेव्हा
माझ्याकडे आलं ते एवढंच:
एक पितळी किल्ली, हिशेबाचा पत्र्याचा डबा,
चौदा प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांतली एक तीन पायांची,
आणि दर शनिवारी चार वाजता येणारी
होमा बेची तेवीस पोरं.

नैरोबीच्या मंडळाचं पत्र आलं,
काम थांबता कामा नये.
मी कुठली थांबतेय.
साडेतीनलाच दार उघडायचे,
खुर्च्या गोल मांडायचे, फळा पुसून
वर लिहायचे: नेतृत्व म्हणजे काय?
खाली रेघ. रेघ सरळ.

पोरं यायची, बसायची, वह्या उघडायची
आणि माझ्याकडे बघायची.
सरोवरावरून वारा यायचा
वाळत घातलेल्या ओमेनाचा वास घेऊन,
आणि तेवीस तोंडांत मिळून
एक शब्द नाही.

इथे पूर्वी कानठळ्या बसायच्या.
ही क्विंटर टेबलावर चढून
नळाच्या रांगेवरून नगरपालिकेशी भांडायची.
नगरपालिका म्हणजे तिचाच धाकटा भाऊ,
हातात झाडू, डोक्यावर उलटं टोपलं.
आता ती हळूच विचारते,
"मॅडम, हे उतरवून घ्यायचं का?"

त्यांच्या जुन्या वह्या धुंडाळल्या.
वाटलं, कुठेतरी रीत लिहून ठेवली असेल.
निघालं काय, तर चहाची उधारी,
कुणाच्या तरी शाळेच्या बुटांचं माप,
आणि जवळजवळ प्रत्येक शनिवारपुढे
पेन्सिलीनं: ४.१०. कधी ४.१२.
एकदाच ४.२५,
आणि त्यापुढे माझं नाव.

एवढा शिस्तीचा माणूस, आणि दर शनिवारी उशीर!
आम्ही हसायचो त्यांना.
म्हाताऱ्याची सायकल पुन्हा पंक्चर, म्हणायचो,
आणि किल्ली या हातातून त्या हातात ढकलत राहायचो.
एकदा ती माझ्यापाशी येऊन थांबली.
मी चौदाची. सगळ्यांत बुटकी.
कुलूप जाम होतं.
खांद्यानं दार रेटलं, आत गेले,
आणि कुणीच काही बोलेना म्हणून
मीच काहीतरी बोलले.

परवा समोर मासे तळणारी म्हातारी अजवांग
सुटे पैसे मोजता मोजता म्हणाली,
"तुझ्या मास्तरचं बाकडं हलवू का गं आता?
जागा अडते."

कुठलं बाकडं?

"हे काय, कढईमागचं.
शनिवारी पावणेचारला यायचा.
मासा कधी घेतला नाही, नुसता धूर खायचा
आणि तुमच्या दाराला डोळे लावून बसायचा.
आत आरडाओरडा सुरू झाला
की उठायचा, सायकल हातात धरून,
धापा टाकत टाकत जायचा."

"म्हणजे ती धाप खोटी होती?"

"शेवटच्या वर्षी खरी होती,"
ती म्हणाली,
आणि तिनं मासा उलटला.

मी म्हटलं, बाकडं राहू दे.

काल किल्ली क्विंटरच्या हातात दिली.
मला उद्या जरा उशीर होईल.
"कितीसा?"
काय सांगणार.

आता चार वाजून अठरा मिनिटं.
फळा कोरा असेल. खुर्च्या भिंतीला टेकून उभ्या,
तीन पायांचीवर कुणी बसू नये
हे कुणाला सांगितलंय का मी?
धुरानं डोळे चुरचुरतायत.
दारापाशी घोळका. कुणीतरी रस्त्याकडे बघतंय,
कुणीतरी म्हणतंय, चला घरी.
क्विंटर किल्ली फिरवतेय.
फिरत नाही.

ते कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं.
इथून हाक मारली तर ऐकू जाईल.

अजवांग माझ्याकडे बघत नाही. मुद्दाम.
चार वीस.
चार पंचवीसपर्यंत तर
माझी उधारीच आहे.

मी बाकड्याची कड
दोन्ही हातांनी धरून बसलेय.