आवक-जावक

पुलावरचा दिवा मार्चमध्ये गेला.
फाहिरा मुयकिच पहिला अर्ज घेऊन आली तेव्हा
माझ्या खिडकीच्या काचेला अजून बर्फाची किनार होती.
मी आवक क्रमांक टाकला, एकशे बारा,
आणि सांगितलं: बाई, पूल आमचा आहे,
म्हणजे अर्धा.
खांब मात्र नेमका मधे आहे.

तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो.
लढाई थांबवली तेव्हा नकाशावर जाड पेनाने रेघ मारली.
त्या रेघेची नुसती जाडीच इथे पन्नास पावलं भरते.
अलीकडे नगरपालिका, तिच्यावर कँटन,
कँटनवर फेडरेशन; पलीकडे दुसरंच सरकार,
पोलिसांच्या टोप्यासुद्धा वेगळ्या;
आणि सगळ्यांच्या डोक्यावर, तिकडे सारायेवोत,
तीन जण, आळीपाळीने एका खुर्चीवर.
कुणालाही एकट्याने काही करता येऊ नये
अशीच बांधणी आहे, आणि चोख आहे:
कुणालाही एकट्याने बल्ब बदलता येत नाही.

कँटनने अर्ज परत पाठवला, विषय अखत्यारीत नाही.
फेडरेशनने पाठवला कँटनकडे, योग्य त्या कार्यवाहीसाठी.
पलीकडचं उत्तर सिरिलिक लिपीत आलं,
भाषा तीच, नकारही तोच.
घोंगडं भिजत पडलं.
मे महिन्यात स्लावेनचा पोरगा सायकलसकट कठड्यावर आदळला.
दोन दात गेले.
ते कुणाच्या हद्दीत पडले याचा पंचनामा
माझ्याकडे आहे, दोन प्रतींत.

फाहिरा दर सोमवारी यायची.
एकदा मीच कंटाळून म्हणालो,
पूर्वी बरं होतं, नाही? एक पक्ष, एक माणूस,
बेलग्रेडहून फोन आला की संध्याकाळी दिवा.
तिने पिशवी मांडीवर घेतली.
"लागायचा की. लगेच लागायचा.
माझ्या वडिलांना न्यायला आले
तेव्हाही कागदावर एकच सही होती.
दाद कुणाकडे मागणार? खाली तोच, वर तोच.
तुझ्या सात खिडक्या फिरून गुडघे गेले माझे,
पण सात जणांना मिळून
माणूस उचलायलाही वेळ लागेल ना रे?"

मी काही बोललो नाही.
ब्याण्णव साली तिच्या नवऱ्याला नेलं
तेव्हा कागदच नव्हता.
ते तिलाही ठाऊक होतं.
दोघेही थोडा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

ऑक्टोबरमध्ये एकाच सकाळी दोन शिड्या आल्या.
अलीकडून नेदिम, पलीकडून ओब्राद,
दोघांच्याही हुकमात लिहिलेलं: पुलाच्या मध्यापर्यंत.
दोघांनी आधी सिगारेट ओढली.
मग ओब्राद वर चढला,
आणि शिडी नेदिमने धरली.
जावक वहीत याला रकाना नाही.

दिवा पिवळट आहे, जरा कमी वॉटचा.
सोमवारी फाहिरा पुन्हा आली.
आता तिच्या गल्लीतला नळ गळतोय,
आणि तो, ती म्हणते, पुरता आमच्याच हद्दीत आहे.
मी नकाशा काढला.