पाटी

देवलापारच्या पुढं, जंगलनाक्यावरून आत.
कागदावर नाव होतं एरंडगाव.

पिवळ्यावर काळं. डब्यातला रंग उन्हानं घट्ट होत चाललेला,
'ड'चं पोट जमेना.

सायतरबाई उईके शेळ्या थांबवून बघत राहिली.
"काय लिवलं बापा?"
वाचून दाखवलं.
"एरंड? एक झाड दाखव."

मग म्हणाली, येरनार.
आमच्या बोलीत येर म्हंजे पाणी, नार म्हंजे गाव.
पाणी कुठं आहे, मी विचारलं.
तिनं काठी टेकवली
माझ्या दोन चपलांच्या मधे.
माती ओली होती.

पाटी तशीच रोवली. बिल एरंडगावचं निघालं.

फक्त मागच्या पत्र्यावर,
गावातून निघणाऱ्याला दिसतो त्या अंगाला,
उरलेल्या रंगात : येरनार.
शेवटचा र वाकडा आला,
शेळी घासून गेली.