पाटीचा डोंगर

ब्लायनायमध्ये पाऊस पडायला येत नाही,
तो इथे राहतोच.
शेडच्या पत्र्यावर त्याची रोजची ये-जा,
आणि आत, हुकाला उलटी टांगलेली माझी सायकल.
चौदा महिने.
पुढच्या टायरच्या खाचांत अजून त्या दिवसाचा चिखल,
वाळून राखाडी झालेला.
कुणी धुतला नाही. मीच धुऊ दिला नाही.

खुब्यात एक पट्टी, सात स्क्रू.
थंडी आली की आधी त्यांना कळतं,
मग हवामान खात्याला.

मारेडने मला पुन्हा चालायला शिकवलं.
शेवटच्या दिवशी म्हणाली,
हाड जुळलंय, बाकीचं माझ्याकडे नाही.
बाकीचं म्हणजे
जिन्याचा कठडा न सोडणारा हात,
सपाट डांबरी रस्त्यावरसुद्धा
आपोआप ब्रेकवर जाणारी दोन बोटं,
झोपेत येणारा तो आवाज,
पडण्याचा नव्हे,
पडण्याआधी चाक हवेत सुटतं
तेव्हाच्या शांततेचा.

शेजारचे ग्विलिम खाणीत चाळीस वर्षं होते.
डाव्या हाताला तीनच बोटं.
ती चहाच्या कपाभोवती गुंडाळून म्हणाले,
मी तिसऱ्या आठवड्यात परत गेलो कामावर.
शूर होतात म्हणून?
छे गं. घरी बसून सारखी बोटंच मोजत होतो.

मग एका शनिवारी मी चालत गेले.
सायकल नाही, हेल्मेट नाही,
डब्यात चीजचं सँडविच.
वाटेच्या दोन्ही अंगांना पाटीच्या दगडाचे ढीग,
छपरांना गेला तो गेला,
शाळांना गेला तो गेला,
हा उरलेला,
कुणी ज्यावर एक अक्षरही गिरवलं नाही असा
डोंगरभर.
आणि तो दगड.
रोज रात्री वाढत वाढत
घराएवढा झालेला तो दगड
माझ्या गुडघ्याला लागत होता.
त्याच्यावर बसूनच सँडविच खाल्लं.
रागच आला जरा.
इतकुश्श्याने?

दगडाच्या डावीकडून पोरांनी पाडलेली एक पळवाट आहे.
माझा भाऊ इवोर तिला
भागूबाईची वाट म्हणतो.

मे महिन्यात चिखल धुतला.
इवोरच्या नेस्टला म्हटलं, तू पुढे हो.
अकरा वर्षांची ती, वळून म्हणाली,
आत्या, घाबरलीस?
हो.
बरं, म्हणाली, आणि सुटली.

पहिल्या खेपेला भागूबाईची वाट.
दुसऱ्या खेपेलाही.
तिसऱ्यांदा दगडापर्यंत आले, उतरले,
आणि आजारी माणसाला पायरी उतरवावी
तशी सायकल हात धरून खाली घेतली.
चौथ्यांदा
काय केलं ते नीटसं सांगता येणार नाही.
टाचा खाली. नजर दगडावर नाही,
पलीकडच्या एकुलत्या रोवन झाडावर.
ब्रेकवरचं एक बोट उचललं,
एक राहिलंच.
मग ती शांतता,
आणि तिच्या पुढचं, मागच्या वेळी
जे माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं:
दोन्ही चाकं जमिनीला लागल्याचा
साधासा धप्प आवाज.

खाली नेस्ट बिस्किट खात बसली होती.
अर्धं मला दिलं.
माझे पाय असे लटपटत होते
की सायकल मीच धरली होती की तिने मला,
कुणास ठाऊक.

लोक म्हणतात, गेली ना आता भीती?
जाते कुठली.
या सायकलला कॅरियर नाही,
तरी ती मागे असतेच, डबलसीट,
माझ्या कमरेला, सात स्क्रूंच्या बरोबर वर
मिठी घालून.
चढाला जड लागते.
उतारावर मात्र हल्ली
फारसं बोलत नाही.
वळण आलं
की माझ्याबरोबर झुकते.