बिनमालकाचा गरगूर

रात्रपाळी सुटली की मी बसमध्ये चढत नाही.
मिशांत सिमेंट, बुटांत सिमेंट,
तसाच उतरतो रम्सच्या खाडीवर.
पाठीमागे डोंगर, उघडेबोडके, थंडीने निळे पडलेले.
ओहोटी लागलेली. चिखलात रोहित पक्षी
चोची उलट्या करून पाणी गाळतायत.
काल एकशे बारा होते. आज मोजताना
एक उडाला आणि सगळा हिशेब मोडला.
गेटपासच्या मागे लिहितो: शंभर, आणि वर काही.

शमाल दोन दिवस घोंगावून काल रात्री पडला,
म्हणून आज होड्या बाहेर.
पाणकावळ्यांची काळी रांग पाण्याला टेकून निघाली,
मधे माझा चहा पिऊन झाला
तरी संपेचना.
तिवरांच्या मुळांशी खेकडे एकेक हात वर करून,
हजेरी चालल्यासारखे.

खमीसची होडी आली. नाळेवर सेल्वराज,
कानटोपी भुवयांपर्यंत,
थंडीला तमिळमध्ये शिव्या देत.
गरगूर उतरले: तारेचे घुमट, माणूस बसेल एवढे,
तोंड नरसाळ्याचं, आत शिरताना रुंद.
शारी, साफी, दोन चिंबोऱ्या, एक हामूर.
हामूर म्हणजे आपला हेकरू.
आईला हर्णैला फोनवर तीनदा सांगितलं, पटत नाही:
"तिकडचा मासा आपला कसा रे?"

शेवटचा गरगूर त्यांचा नव्हता.
होडीला बांधून पाण्यातूनच ओढत आणलेला.
दोर कधीचा तुटलेला, तारेवर कालवं, शेवाळ;
कुणी न्यायला येत नसतानाही
खाली बसून मासे धरत राहिलेला.
तळाशी काटे. काट्यांवर एक हेकरू, जिवंत,
ओठ तारेला घासून पांढरे झालेले.

सेल्वराज म्हणाला, आठ किलो.
मी मनात भाव लावला.
खमीसने पक्कड मागितली.
"ये बहोत साल अंदर," म्हणाला. "खलास."
गुडघ्यावर बसून तार कापली त्याने,
एकेक घर, घाई न करता.

मासा लगेच गेला नाही.
कापलेल्या तोंडाशी कल्ले हलवत राहिला,
आम्ही तिघं वाकून.
डोक्यावर कुरवांचा कलकलाट,
त्यांना आतड्यांची घाई.

मग शेपटीचा एकच फटका,
सेल्वराजची कानटोपी भिजली.
तो पुन्हा तमिळमध्ये बोलला.

गेटपासच्या मागे, शंभरच्या खाली,
मी लिहिलं:
हेकरू, एक.