उटी

सातपूरला आप्पांच्या शेडमागे
एकोणीस वर्षं उभी आहे जीप.
मुश्ताक मिस्त्री गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसले,
चासीला स्क्रू ड्रायव्हर टेकवला,
नुसता टेकवला,
तर मुठीपर्यंत आत गेला.
"ताई, बिस्कीट झालंय."

मग बॉनेट. आत मुंगसाचं जुनं बिऱ्हाड,
चिंध्या, टरफलं, कुणाचंतरी एक बटण.
इंजिन मात्र पान्यानं रेटल्यावर
अर्धा इंच फिरलं.
तेवढ्यानंच मिस्त्रींचा चेहरा उजळला
आणि माझी पंचाईत झाली.

मी अंबडला क्वालिटीत आहे, बावीस वर्षं.
ट्रेमधून बुश येतात, मी गेज घालते.
हिरवा टॅग, जाऊ द्या.
पिवळा, रिवर्क.
लाल, भंगार.
नगाला सात सेकंद.
लाल लावताना हात कधी अडला नाही.

इथं तीन रविवार गेले.

उभी करायची तर साडेचार लाख,
साडेचार म्हणजे सहा धरा, असं मिस्त्रीच सांगतात.
भंगारवाला किलोवर नेईल, काटा त्याचा.
आणि इगतपुरीचे एक पिंटो आहेत, रेल्वेतून रिटायर,
त्यांच्याकडे अशीच जीप, बॉडी खणखणीत, पोट रिकामं.
त्यांना इंजिन हवंय, गिअरबॉक्स, पुढचा डिफरन्शियल.
पुण्याहून हेमराजचा फोन:
"आप्पांची आठवण आहे गं, ठेव."
ठेव म्हणजे तू ठेव.

आठवण सांगते.
देवळालीच्या लिलावात घेतलेली ही,
पंपांच्या मोटारी लादून पेठ, हरसूल, सुरगाणा.
हँडब्रेक पहिल्या दिवसापासून नव्हताच.
सावळघाटात थांबायची वेळ आली की आप्पा ओरडायचे,
"पमे, उटी!"
मी मागून उडी टाकायची, दगड शोधायची,
चाकाला लावायची,
आणि निघताना तो काढून
पळत पळत चालत्या जीपमध्ये चढायची.
हेमराज पुढे. मांडीवर डबा.
गिअर टाकायला त्याला शिकवलं.
मला दगड.

गोल नको. एक बाजू सपाट हवी,
काळा, जड, पकड धरणारा.
चांगला दगड लांबून ओळखायचे मी.
क्वालिटीतली पहिली नोकरी तीच म्हणायची,
बिनपगारी.

आज मिस्त्री चहाला गेले तेव्हा वाकून पाहिलं.
मागच्या डाव्या चाकाला दगड अजून आहे.
मीच लावलेला, ती शेवटची घरी आली त्या संध्याकाळी.
दोन्ही हातांनी हलवला. मुंग्या निघाल्या.
दगड सुटला, आणि मी सवयीनं
एक पाय मागे घेतला,
पळायच्या बेतात.

जीप हलली नाही.

टायर केव्हाच बसलेत, रिमा मातीत रुतल्यात.
दगडाला काही कामच नव्हतं,
किती वर्षं, देव जाणे.

मिस्त्री परत आले, मिशीला चहा.
म्हटलं, पिंटोंना लावा फोन.
इंजिन न्या, गिअरबॉक्स न्या, जे फिरतंय ते सगळं न्या.
उरेल ते काट्यावर.
फक्त त्यांना सांगा, सावळघाट पहिल्यांदा चढवाल
तेव्हा मला बोलवायचं.
मी पुढे बसणार.

आणि हो,
हँडब्रेक लागतो का, तेवढं विचारा.