छताचा करार

गंगापूर रोडवरच्या मंगल कार्यालयाला
बस्तेशेठना छत हवं होतं, "इटालियन".
द्राक्षं रॉटरडॅमला पोचली, त्या साली.
ठरलं ते औषधाच्या बिलामागे लिहिलं:
ढग सोळा, देवदूत नऊ, निळा भारीतला,
कोपऱ्यात हात जोडून शेठ
आणि त्यांचे वारलेले वडील.

सिलासमामा शरणपूरचे.
हयात गेली दुकानांच्या पाट्या रंगवण्यात.
फ्लेक्स आला, हात रिकामा झाला,
वळण तेवढं उरलं.
माझं काम रंग घोटायचं, परात धरायची, गप्प बसायचं.
शेवटचं जमायचं नाही.

"मामा, पैसेवाला देवाशेजारी कसा काय?"

परांचीवर उताणे पडलेले, पापणीवर गेरूचा थेंब.
"अरे, फ्लॉरेन्सातही सावकार गुडघे टेकून चित्रात शिरायचे.
निळा तेव्हा सोन्याच्या भावानं.
व्याजाचा डाग त्यात निघेल, अशी आशा.
लांब कशाला, पांडवलेण्यात जा.
दान कुणी दिलं ते भिंतीवर खोल कोरलंय.
छिन्नी कुणाची, विचार त्या दगडाला.
ब्रश दे. तीन नंबर."

शेठ हुबेहूब उतरले. नाकावरचा मससुद्धा.
शेठ म्हणाले, मस काढा.
मामा म्हणाले, आभाळात जायचं तर
माणसानं मसासकट जावं.
दोन दिवस पैसे अडले.
मग वडिलांचा चेहरा बघून शेठ खुर्चीत बसले,
चहा गार झाला,
मसाचं कुणी काढलं नाही.

देवदूतांसाठी मात्र मामा खाली उतरले.
मोरीवर मथाबाई कढई घासत होत्या.
"हात जरा तसाच धरा."
राखेनं भरलेला हात, तडकलेलं नख,
उजेड खिडकीतून येत होता त्याच बाजूनं,
तसाच्या तसा
ढगांत.

पहिलं लग्न लागलं.
अक्षता वर उडाल्या, नजर कुणाचीच नाही.
एक तान्हं तेवढं
मांडीवर उताणं, टक लावून.

रात्री दीडला पंगतीचा खरकटा पसारा आवरून
मथाबाई केरसुणी घेऊन हॉलमध्ये आल्या.
मान मागे टाकली.
पदर घसरला, सावरला नाही.
किती वेळ, मी मोजला नाही.
मग म्हणाल्या,
"बांगड्या चार होत्या माझ्या.
तुम्ही तीनच काढल्यात."

मामांनी चष्मा पुसला.
मी शिडी आणायला गेलो.