खडा टाकून पाहिला

चाळिसावा उरकला, पाहुणे गेले.
टेबलावर उरले उष्टे ग्लास
आणि आम्ही तिघं: आई, अव्तांदिल, मी.
खिडकीबाहेर काखेतीचा नोव्हेंबर,
द्राक्षवेलींवर एक पान नाही.

पोतीहून आणलेला बर्फ
अजून डब्यात शाबूत होता.
(मासळीच्या पेटीतला नव्हे, वेगळा, पिण्याचा.)
बंदरावरच्या शीतगृहात मी मासे मोजते.
सतरा वर्षं बर्फात हात घालून
नखं कायमची निळसर झालीत.
बर्फाचं मला कुणी सांगू नये.

अव्तो म्हणाला, वाटणी करू.
वेलींची नाही, ती सरळ आहे.
तळघरातल्या दोन बुधल्यांची.
एकीला लाल चिंधी, ती पाहुण्यांची.
दुसरीला काळी, ती एकट्या शेरमादिनची,
म्हणजे आमच्या बाबाची;
तिला हात लावायचा नाही, हा जन्मभराचा दंडक.
चाचा म्हणतो आम्ही तिला:
द्राक्षाच्या चोथ्यातून थेंबथेंब उतरवलेली,
काडी लावली तर निळी पेटणारी.

कडक कुठली, हे कळणार कसं?
मोजायची काचेची नळी तर
बाबाच्याच हातून फुटलेली, केव्हाची.
मी म्हटलं, खडा टाकून पाहू.

आधी साध्या पाण्यात टाकला, अव्तोला दाखवायला.
बुडी मारून वर आला,
टाळू तेवढी बाहेर काढून बसला,
तिबिलिसीच्या गंधकाच्या हमामात
म्हातारे बसतात तसा.

मग पोरांनी टाकलेल्या तारखुन्यात, त्या हिरव्या सरबतात.
तिथं अंगाला बुडबुडे लगडले,
लगडले, सुटले, पुन्हा लगडले,
आणि तो झोप न येणाऱ्यासारखा
कूस बदलत राहिला.

वाइनमध्ये टाकणार तोच आईनं मनगट धरलं.
या घरात नाही, म्हणाली.
तेवढंच बोलली.

लाल चिंधी.
खडा थेट तळाला.
काचेला टेकल्याची एक टिचकी, बस.
तिथंच पडून विरघळू लागला,
भोवती पाण्याच्या रेषा थरथरल्या,
तापल्या पत्र्यावर हवा थरथरते तशा.
अव्तोनं शीळ घातली:
पाहुण्यांना ही, तर त्याची स्वतःची काय असेल!

काळी चिंधी.
दोन बोटांत धरून मी अलगद सोडला.

तरंगला.

दुसरा सोडला. तोही.
दोघं एकमेकांना धक्के देत
मजेत फिरायला लागले.

कुठंतरी पाणी मुरतंय, अव्तो म्हणाला.
मग घोट घेतला.
कुठंतरी नाही, म्हणाला, इथंच.

रोज संध्याकाळी एक ग्लास.
डोळे मिटून, मान मागे टाकून,
मग टेबलावर थाप: आग आहे, आग!
आम्ही पोरं दचकायचो.
पुढे नातवंडं दचकायची.

आई अक्रोड फोडत होती.
फोडायची थांबली नाही.
"डॉक्टरनं दोनच वर्षं दिली होती.
मग मी रोज एक वाटी काढायची,
एक वाटी पाणी घालायची.
काढलेली लाल बुधलीत. फेकणार कशी?
अकरा वर्षं झाली."

आणि बाबाला कळलं नाही?
नुसत्या वासावरून सांगायचा तो
वेल उतारावरची की सपाटीवरची,
चोथा हलवणारा हात कुणाचा.

आई म्हणाली, त्याला कुठलं कळतंय.

मी बोटांवर मोजलं.
नळी फुटली त्यालाही अकराच.
भर दुपारी, कोरड्या हातातून निसटली होती,
आणि नवी आणू म्हटलं तर
चिडला होता केवढा.

कुणी काही बोललं नाही.
लाल बुधलीच्या ग्लासात पाहिलं:
तळाला गेलेला खडा निम्मा झाला होता,
आणि स्वतःच्याच पाण्यानं उचलला जाऊन
मधोमध थांबला होता,
ना वर, ना खाली.

आईनं हात पुसले, तो ग्लास ओढला,
डोळे मिटून एक घोट घेतला,
आणि टेबलावर थाप मारली.
अक्रोडाची टरफलं उडाली.